कॅसेटला तेल

आमच्या सासरच्या लग्नकार्यांत माझी ओळख करून देण्याची एक रीत पडून गेली आहे. "ही आमची लोणावळ्याची. दुपारची व्हिडिओ गेम खेळते." मग समोरच्या बाई माझे पांढरे केस बघतात, चष्मा बघतात, हातातली जिलबीची वाटी बघतात आणि म्हणतात, "अय्या, खरंच?" पन्नाशीकडे निघालेल्या बाईने यावर काय उत्तर द्यायचं असतं, हे मला अजून सापडलेलं नाही. मी "हो" म्हणते आणि मठ्ठ्याच्या पातेल्याकडे सरकते.

ही कीर्ती माझी नाही. दुसऱ्या एका बाईंची आहे आणि मी ती नुसती सांभाळते आहे. हे पक्कं ठाऊक असूनही कानाच्या पाळ्या गरम व्हायच्या त्या होतातच. लाज उसनी आहे हे कानांना कोण सांगणार?

त्या बाई म्हणजे आमच्या घरमालकीण. नाव लिहीत नाही, गल्लीचंही लिहीत नाही. सगळे त्यांना मावशी म्हणत, मीही तेच म्हणायचे. माहेर कुरवंड्याचं. यजमान रेल्वेत होते, ते लवकर गेले. घर मावशींनी स्वतःच्या हिमतीवर उभं केलेलं. खाली त्या राहायच्या, वर आम्ही भाडेकरू. माझा नवरा नवलाख उंबऱ्याच्या कारखान्यात, त्यामुळे सकाळीच कंपनीच्या बसने जायचा. मी दुपारपर्यंत एका दंतवैद्यांच्या दवाखान्यात पावत्या फाडायचे आणि घाबरलेल्या माणसांना "अजिबात दुखत नाही हो" असं खोटं सांगायचे. मुलगी बाहेरगावी शिकायला. दुपारनंतर त्या घरात आम्ही दोघीच असायचो, एक खाली आणि एक वर.

मावशींच्या बोलण्यात 'लाज' हा शब्द मिठासारखा पडायचा. शनिवारी गल्लीच्या तोंडाशी गाडी आडवी लावणाऱ्या पाहुण्याला "लाज हाय का?" पातळ दूध घालणाऱ्याला तेच. आठवडाभर ऊन न दाखवणाऱ्या आभाळाकडे मान वर करून तेच. एकदा मी गॅलरीतून पायपुसणं खाली झटकलं, तर खालून नुसतं "पोरी" एवढंच ऐकू आलं. पुढचं मी मनातच ऐकलं आणि पायपुसणं घेऊन आत गेले.

लोणावळ्यात पावसाळ्याचं म्हणून एक वेगळं घरकाम असतं. चपलांना बुरशी येते, पापड सादळतात, दारं फुगतात. मावशी या दमटपणाशी दोन हत्यारांनी लढायच्या. एक म्हणजे कपाटातला बल्ब. चारही महिने त्यांच्या लोखंडी कपाटात पिवळा बल्ब जळत असायचा आणि त्याच्या उबेला साड्या, रजया, घराची कागदपत्रं बसलेली असायची. नवे पांढरे दिवे त्यांना चालत नसत. "उजेड काय चाटायचाय? ऊब पायजेल," म्हणायच्या. जुने पिवळे बल्ब मिळेनासे होणार असं कळल्यावर त्यांनी ते सोन्यासारखे जमवून ठेवले होते.

दुसरं हत्यार म्हणजे शिवणाच्या मशीनच्या तेलाची कुप्पी. मे संपत आला की ती घेऊन त्या घरभर फिरायच्या. कड्या, बिजागऱ्या, कुलपं, छत्रीच्या काड्या, सगळ्यांना थेंब. खालचं घर झालं की न विचारता वर यायच्या. माझ्या बॅगांच्या चेनीसुद्धा त्यातून सुटल्या नाहीत. नंतर त्या बॅगेतून काढलेली प्रत्येक साडी काठाला तेलकट निघाली, पण चेन मात्र लोण्यासारखी चालते, हे मला मान्य करावं लागलं.

आणि तिसरी गोष्ट बंबाची. आम्ही राहायला आलो त्याच दिवशी ती मला सांगण्यात आली. मावशींचा एकुलता मुलगा शाळेत असताना व्हिडिओ गेमपायी अभ्यास बुडवायला लागला, तेव्हा मावशींनी तो गेम उचलला आणि पाणी तापवायच्या बंबात घातला. म्हणून पोरगा इंजिनियर झाला. गल्लीतल्या प्रत्येक आईला ही गोष्ट पाठ होती. कुणाचं मूल मोबाईल सोडेना की ती आई मावशींकडे यायची आणि मावशी बंबाची गोष्ट सांगायच्या. त्यांच्या भजनी मंडळातल्या मानाचा निम्मा भाग आवाजाला होता आणि निम्मा या बंबाला.

तर अशा मावशी एका ऑगस्टच्या दुपारी वर आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. कुणाच्या घरी पटकन बसणं त्यांना पसंत नसे. हवापाण्याचं बोलल्या, माझ्या कडीला हात लावून बघितला आणि मग भिंतीकडे बघत म्हणाल्या, "तुला त्ये टीव्हीला जोडायचं कायबाय कळतं का गं?"

मी उत्साहाने खाली गेले. टीव्ही जुना, पाठीला पोक असलेला. त्याच्यासमोर पाटावर एक पांढऱ्याचा पिवळा झालेला व्हिडिओ गेम आणि वर खुपसलेली कॅसेट. आमच्या लहानपणी आम्ही तिला कॅसेटच म्हणायचो. पडद्यावर राखाडी रंग उघडझाप करत होता. मी गेमकडे बघितलं. मग न्हाणीघराकडे बघितलं, जिथे तो प्रसिद्ध बंब होता. मावशींनी माझी नजर पकडली.

"बंबात मावला न्हाई," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, बरोबर आहे, बंबाचं तोंड लहानच असतं.

"भंगारात घालायचाय. चालता हाय का बगून घालावं म्हनलं."

मी त्यावरही मान हलवली. पण जॉयस्टिकच्या बटणांवरची अक्षरं अंगठ्याखाली पार पुसून गेली होती, समोर बसायचा दुसरा पाट नेमक्या अंतरावर होता आणि पाटावर उशी होती. भंगारात जाणाऱ्या वस्तूसाठी कुणी उशी घेत नाही. मावशी पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभ्या होत्या. दुसऱ्यांना लाज वाटत फिरणारी बाई स्वतः लाजली की कशी दिसते, हे मी त्या दिवशी पाहिलं आणि मलाच कुठे बघू असं झालं.

ती अवघड वेळ निभवायला मी तज्ज्ञ झाले. लहानपणी भावाच्या गेमचं बिघडलेलं काम माझ्याकडेच असायचं. कॅसेट काढायची, तोंडाशी धरायची, माउथ ऑर्गनसारखी या टोकापासून त्या टोकापर्यंत फुंकायची आणि परत खुपसायची. मी तसं केलं. मावशी म्हणाल्या, "थुकलीस व्हय त्यात?" पण चित्र आलं. मी अशी काही हात झटकून उठले, की जणू मोतीबिंदूच काढला.

दोन दिवसांनी गेम संपूर्ण मेला. फुंकल्यावर आधी अर्धी अक्षरं यायची, मग तीही येईनात. जितकं फुंकावं तितकं बिघडत होतं. शेवटी मी कॅसेट चष्म्याजवळ धरली. आतल्या तांब्याच्या दातांवर हिरवट थर चढला होता. लोणावळ्याची दमट हवा आणि वर माझ्या तोंडची वाफ, दुसरं काय होणार? मोतीबिंदू काढता काढता डोळाच घालवला होता. बरं, नुसती वाफही नव्हती. दातांवर काळा, चिकट मळ होता आणि त्याला एक ओळखीचा वास होता. माझ्या साड्यांच्या काठांना येतो तो.

मी मावशींकडे बघितलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

"मावशी, याला तेल घातलं?"

खिडकीची कडी चाचपत म्हणाल्या, "समद्यालाच घालते की. ह्यालाच येगळं कसं टाकू?"

दर वर्षी, कड्या-बिजागऱ्यांच्या रांगेत, कॅसेटला एक थेंब आणि ती बसते त्या खाचेत एक थेंब. त्यात बल्बाच्या कपाटातला रजयांचा कापूस चिकटून आत गादीच तयार झाली होती. मायेने केलेलं होतं सगळं.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यातून थोडं स्पिरिट आणि कापूस मागून आणला. कशाला हवाय म्हणून विचारलं तेव्हा नवऱ्याच्या दाढीचं कारण सांगितलं. नवरा दाढी राखतो, हे डॉक्टरांना ठाऊक होतं. आम्ही दोघी पाटावर बसलो. स्पिरिटचा कापूस फिरवला तसा काळा मळ निघत गेला. हिरवा थर निघेना, तेव्हा खोडरबर घेतलं आणि शाळेतलं चुकलेलं गणित खोडावं तसे दात एकेक करून खोडले. खाली तांबं चकाकायला लागलं. खाचेतल्या पत्र्याच्या काड्या वर्षानुवर्षं दबून आडव्या झाल्या होत्या. त्या मावशींनी सुईच्या टोकाने हलकेच उचलून उभ्या केल्या, गोधडीचे टाके उसवावेत तशा. मग गेम आणि कॅसेट दोन्ही रात्रभर बल्बाच्या कपाटात ठेवली, साड्यांच्या शेजारी.

दुसऱ्या दुपारी कॅसेट खुपसली. पहिल्यांदा काही नाही. मावशींनी ती जरा डावीकडे कलती करून अंगठ्याने दाबली आणि पडद्यावर चित्र उभं राहिलं, टुंईटुंई वाजत. मावशींनी चटकन आवाज बंद केला आणि दार लावून घेतलं. मग पाटावर बसल्या. भंगाराचा विषय परत निघाला नाही.

खेळ रणगाड्यांचा होता. खाली विटांच्या कुंपणात एक झेंडा, वरून एकामागून एक रणगाडे येतात, आपल्या एका रणगाड्याने झेंडा राखायचा. मावशींच्या लेखी ते रणगाडे नव्हते. "आला बग शनवारचा. ह्यो गाडी आडवी लावनार. गेला. आता त्यो पल्याडचा, ह्येला धबधबा पायजेल." प्लॉट मागायला येणारे दलालही त्यात होते, कुरवंड्याचा बांध सरकवणारा एक चुलतभाऊही होता. त्या माणसाला मावशी दर दुपारी उडवायच्या आणि तो दर दुपारी परत यायचा. दुसऱ्या जॉयस्टिकवर मी असायचे. माझ्याकडून आपल्याच विटा जास्त फुटायच्या. तेव्हा त्या पडद्यावरची नजर न काढता म्हणायच्या, "लाज हाय का?"

एकदाच मी विचारलं, हे खेळायला कधी लागलात. म्हणाल्या, पोरगा शिकायला बाहेर गेला त्या पावसाळ्यात कपाट आवरताना हातात आला. बंबापाशी नेला होता खरा, पण घालवेना. "त्याच्या हाताचा घाम व्हता त्याला." मग म्हटलं चालतोय का बघू. "चालला. मग बगतच राह्यले." एवढं बोलून माझ्याकडे वळल्या. "कुनाला कळलं तर मला तोंड दाखवाय जागा न्हाई, पोरी. समद्या गल्लीला सांगितलंय म्या. आन त्याला सांगितलंय."

मी आमच्या घराण्यातली प्रसिद्ध सांगणारी. माझ्या पोटात गोष्ट टिकत नाही, असं माझी सासू चारचौघांत सांगते. पण ही टिकली. न टिकण्याची वेळ आली ती माझ्यामुळे नव्हे.

भजन गुरुवारी संध्याकाळी मावशींकडे असायचं. त्या गुरुवारी वीज जाणार म्हणून बायकांनी वेळ अलीकडे घेतली आणि निरोप द्यायचा राहिला. दार लोटलेलं होतं. पेटी घेतलेल्या एक काकू आणि त्यांच्या मागे टाळवाल्या चौघी-पाचजणी थेट आत आल्या. पडद्यावर रणगाडे, मावशींच्या हातात जॉयस्टिक. मावशी जागच्या जागी दगड झाल्या. मी तेवढं बघितलं. तोंडाचा रंग असा उतरला होता, की चक्कर येऊन पडतात की काय वाटलं.

मी त्यांच्या हातातली जॉयस्टिक ओढून घेतली आणि म्हटलं, "द्या मावशी, जप्त काय करता? माझा टीव्ही बिघडलाय म्हणून तुमच्याकडे लावला, एवढंच ना?"

मग मावशींच्या अंगात जीव आला. तो इतका आला की मला अपेक्षित नव्हतं. "लाज हाय का?" त्यांनी सुरुवात केली. नवरा तिकडं घाम गाळतो, पोरगी परगावी शिकते आणि ही हितं दिवसाढवळ्या खेळत बसती. मी पोटच्या पोराचा बंबात घातला, तुझा सोडीन व्हय? आवाजाला अशी धार होती, डोळ्यांत असं पाणी होतं, की मी खरोखरच मान खाली घातली. मधेच मला वाटलं, नवरा तिकडे घाम गाळतो हे तर खरंच आहे. बायका एकमेकींकडे बघून हळहळल्या. पेटीवाल्या काकूंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, मन रमवायला दुसरं काहीतरी बघ, क्रोशाचं कर.

बातमी भजन संपायच्या आत स्टेशनापर्यंत गेली. नवऱ्याला ती कंपनीच्या बसमध्ये कळली. सासूबाईंचा फोन आला. नवऱ्याला मी कानात खरं सांगितलं तर तो इतका हसला, की पुढे कुठेही विषय निघाला की त्याला बाहेर जावं लागायचं. लोक समजायचे, बिचारा शरमेने उठून गेला.

मावशींनी त्यावर कधी आभाराचा शब्द काढला नाही. दुसऱ्या दिवशी मात्र ताटलीत गरम अळूवड्या आल्या आणि ताटलीखाली, पिशवीत गुंडाळलेला, तो गेम. "तुजा हाय न्हवं? तुज्याकडंच ऱ्हाऊ दे," म्हणाल्या. त्यानंतर रोज तीनला त्या जिना चढून वर यायच्या. येताना कट्ट्यावरच्या बायकांना सांगून यायच्या, "तिला जरा समजावून येते. सुटाय टाईम लागनार." समजावणं तासभर चालायचं. कधी कधी खेळातले दोन टप्पे जास्त समजावायचे असले तर दिवेलागणही व्हायची. लोक म्हणायचे, मावशींचा जीव मोठा, परक्या बाईसाठी किती करतात.

दिवाळीनंतर त्यांचा मुलगा नाशिकहून आला. चाळिशी ओलांडलेला, गप्प स्वभावाचा, बायको नोकरीवर म्हणून एकटाच. कट्ट्यावर त्याला माझी कीर्ती कळली आणि तो हसत वर आला. मावशी माझ्याकडे समजावायलाच बसल्या होत्या. दार वाजल्यावर त्यांनी जॉयस्टिक माझ्याकडे सरकवली. तो म्हणाला, "बघू कुठला गेम आहे, माझ्याकडेही होता लहानपणी," आणि खाली वाकला. हातात घेतला, उलटा केला. तळाला कर्कटकाने कोरलेलं एक अक्षर होतं, त्याच्या नावाचं.

त्याचं हसू हळूहळू गेलं.

"हा माझा आहे," तो म्हणाला. मग आईकडे बघून, अगदी हळू आवाजात, "मी तुझ्या पाया पडलो होतो आई. तू म्हणालीस, जाळला. आणि भाडेकरूंना दिलास?"

मला तिथून उठून जायला हवं होतं. दोरीवरचे कपडे काढायचं निमित्त होतं, दूध होतं, काहीही होतं. मी गेले नाही. मी जॉयस्टिक हातात धरून तशीच बसून राहिले. माझी उसनी लाज तोवर मला शोभेची वाटायला लागली होती. त्या घडीला ती परत करावी लागणार हे दिसत होतं आणि करवत नव्हतं. मी म्हणायलाही लागले, की त्याचं काय झालं, भंगारात चालला होता म्हणून मीच मागून घेतला...

"गप पोरी," मावशी म्हणाल्या.

मुलाने कॅसेट काढून तोंडाशी नेली होती. त्याचे हात ते आपोआपच करत होते. "फुकू नगं," त्या म्हणाल्या. "आन हिकडं." त्यांनी कॅसेट पदराला पुसली, खाचेत बसवली, जरा डावीकडे कलती केली आणि अंगठ्याने दाबली. चित्र लगेच आलं. मग माझ्या हातातली जॉयस्टिक घेतली आणि मुलाकडे पाठ करून पाटावर बसल्या.

"म्याच खेळते," त्या पडद्याकडे बघत म्हणाल्या. "तू गेलास तवापास्नं. तुला खेळू दिला न्हाई आन सोता बसले. लय लाज वाटती रं मला."

रणगाडे यायला लागले. मावशींच्या हातून एरवी सहज उडणारे दोघे निसटले, झेंड्याजवळच्या विटा फुटल्या. तो दाराच्या चौकटीला टेकून बघत होता. बघता बघता त्याचं अंग पुढे झुकलं.

"आई," तो म्हणाला, "उजवीकडून येतोय बघ."

मी तेव्हा कुठे उठले आणि दूध बघायला गेले.

पुढच्या उन्हाळ्यात तो त्यांना नाशिकला घेऊन गेला. गेम त्यांच्या कपड्यांच्या पिशवीत, साड्यांच्या घडीत गेला. निघताना गल्ली निरोपाला जमली होती. गेमची गोष्ट मुलापलीकडे गेली नव्हती, बंब जिथल्या तिथे होता. गाडीत बसता बसता मावशी पेटीवाल्या काकूंना म्हणाल्या, "हिच्याकडं ध्यान ऱ्हाऊ द्या. परत खेळंल." माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. बघितलं असतं तर आमचं दोघींचं काही खरं नव्हतं.

दुपार रिकामी वाटायला लागली म्हणून मी हल्ली संध्याकाळपर्यंत दवाखान्यात असते. परवा तीनच्या सुमाराला फोन आला. बाकावर माणसं गालाला हात लावून बसलेली.

"पोरी, त्ये परत यीना," मावशींचा आवाज.

"मावशी, तेल?"

पलीकडून अगदी बारीक आवाजात, "थोडंच. कड्यास्नी घालतच व्हते." आणि तेवढ्यात मागे बांगड्यांचा आणि टाळांचा आवाज आला, बायका आत आल्याचा. नाशिकलाही मंडळ जमवलेलं दिसत होतं. मावशींचा आवाज एकदम चढला. "आमची लोनावळ्याची भाडेकरीन हाय वो. या वयात गेम खेळती. बिगडला म्हनून फोन केलाय, मला इचारती काय करू." मग मला, "तेल घातलंस ना त्यात? व्हय का न्हाई?"

अख्खा दवाखाना माझ्याकडे बघत होता.

"हो मावशी," मी म्हटलं. "चूक झाली. स्पिरिटने पुसते, खोडरबर फिरवते आणि रात्रभर बल्बाखाली ठेवते."

"जरा डावीकडं कलतं करून दाब," त्या म्हणाल्या. "लाज वाटाया पायजेल."

वाटली. फोन ठेवला तेव्हा कान नेहमीसारखे गरम झाले होते.